प्रोस्टेटचं हार्मोन इंजेक्शन चालू आहे, चौथं घेऊ की सोडून देऊ?

सातपूरकर६४:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, मोबाईलवर टाईप करतोय त्यामुळे चुका होतील, सांभाळून घ्या. वय ६४, सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, आता रिटायर. गेल्या वर्षी रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठायला लागलो तेव्हा मुलाने जबरदस्तीने नेलं, रक्तातलं पीएसए (प्रोस्टेटची तपासणी) ३८ आलं, मग एमआरआय, बायोप्सी, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, ग्लिसन ८, म्हणजे जोरात वाढणारा. हाडात गेलेलं नाही एवढं नशीब. रेडिएशन झालं, ते वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. त्याच्या जोडीला दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन, दोन वर्षं. तीन झाली, चौथं १८ तारखेला आहे.

आता खरी गोष्ट. त्या गाठीने मला कधी दुखलं-खुपलं नाही, पण या इंजेक्शनांनी पार वाट लावली. दिवसातून दहा-बारा वेळा छातीतून एक वाफ उठते, मानेवरून कानापर्यंत जाते, दोन-तीन मिनिटं नुसतं पाणी गळतं अंगातून आणि मग एकदम गार पडतो. मागच्या पौर्णिमेला पुतण्याच्या नव्या फ्लॅटवर सत्यनारायण होता, पाथर्डी फाट्याला, मी पुढेच बसलेलो आणि तिसऱ्या अध्यायाला सुरू झालं. सदरा पाठीला चिकटला, कपाळावरचं गंध घामाबरोबर नाकावर उतरलं, गुरुजी पोथी थांबवून विचारतात, काका बीपी आहे का. सगळे बघायला लागले. तेव्हापासून चार माणसांत जायचं टाळतो.

वजन ७१ चं ७७ झालं पण ते सगळं पोटावर, हातपाय काटक्या. भरलेलं सिलिंडर परवा उंबऱ्यावरून आत घेता आलं नाही, वॉचमनला बोलवावं लागलं. छाती हुळहुळी झालीय, बनियन घासला तरी दुखतं, थोडी फुगल्यासारखीही वाटते म्हणून टी-शर्ट घालणं बंद केलं. आणि रडू येतं हो. भाजीवालीने न मागता कोथिंबिरीच्या चार काड्या जास्त टाकल्या तर माझ्या डोळ्यांत पाणी, ती बिचारी घाबरली, म्हणाली बाबा काही चुकलं का. वडील गेले तेव्हा सोडून मी आयुष्यात रडलेलो नाही.

बाकीचं तुम्ही समजून घ्या. इच्छाच राहिली नाही. बायकोशी याबद्दल अवाक्षर बोललो नाही, पंख्याचं निमित्त करून हॉलमधल्या दिवाणावर झोपतो.

डॉक्टरांना एकदा विचारलं होतं, बाहेर ही गर्दी, म्हणाले होतं असं, सवय होईल. पीएसए आता ०.०४ आहे. मग मला सांगा, आकडा एवढा खाली आलाय तर चौथं घ्यायलाच पाहिजे का? घरी कोणाला बोललो नाही पण मनातून सोडायचंच ठरवलंय. ज्यांनी घेतलंय त्यांनी खरं खरं सांगा, हे जातं का असंच राहतं. सध्या इंजेक्शन, रोज एक ५० ची बायकाल्युटामाइड (हार्मोन अडवणारी गोळी) आणि बीपीची एक गोळी चालू. शुगर नाही.


नाशिकरोड_प्रेसवाला:

भाऊ, मी ७१ चा. प्रेसमधून रिटायर झालो आणि दोन वर्षांत हेच सगळं. माझी इंजेक्शनं संपून तीन वर्षं होत आली, त्यामुळे जरा लांबून बघता येतं. ते सवय होईल मलाही ऐकवलं होतं, सवय-बिवय काही होत नाही, पण प्रत्येक त्रासाला काही ना काही उपाय असतो, तो मागून घ्यावा लागतो.

आधी तुमच्या आकड्याचं. ०.०४ आलं म्हणजे काम संपलं असं नाही, इंजेक्शनने दाबून धरलंय म्हणूनही ते ०.०४ आहे. या गाठीला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन लागतं, हे १९४१ साली शिकागोच्या चार्ल्स हगिन्स नावाच्या सर्जनने दाखवलं, १९६६ ला त्याला त्याबद्दल नोबेल मिळालं. इंजेक्शन काय करतं तर मेंदूकडून खाली जाणारा निरोप तोडतं, मग टेस्टोस्टेरॉन बनणंच जवळजवळ बंद पडतं. वाफा, रडू, सिलिंडर न उचलणं, सगळी त्याचीच पोरं. ग्लिसन ८ ला रेडिएशनबरोबर दीड ते तीन वर्षं हार्मोन देतात ते उगाच नाही, रेडिएशनमधून वाचलेलं जे काही असेल त्याची उपासमार करायची असते. कोणाचं दीड वर्षात थांबवतातही, पण ते डॉक्टरसमोर बसून ठरतं, हॉलमधल्या दिवाणावर एकट्याने नाही.

आता वाफांचं. मी खिशात एक छोटी डायरी ठेवली, वाफ आली की वेळ आणि आधी काय केलं ते लिहायचो. पंधरा दिवसांत चोर सापडले, रविवारची मिसळ, कपातून उकळता चहा आणि भाच्याबरोबरचा पेग. मिसळ सोडली नाही (नाशकात राहून मिसळ सोडायची म्हणजे काय) पण तर्री सोडली. चहा कोमट. रात्री एका जाड गोधडीऐवजी दोन पातळ सुती चादरी, एक काढायची एक ठेवायची, उशाला पंचा. एवढ्याने माझ्या निम्म्या झाल्या. नाही झाल्या तर औषधं आहेत, माझ्या ओळखीच्या एकाला दिली होती.

दुसरं, आणि हे मी पाटीवर लिहून गळ्यात घालून फिरायला तयार आहे: हाडं. मला कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. इंजेक्शन सुरू होऊन चौदा महिने झाले होते, मोरीत पाय सरकला, हात टेकला, मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने मोडायला नको होतं. मग हाडांची घनता मोजणारं डेक्सा स्कॅन केलं तर हाडं पार पोकळ झालेली. ते स्कॅन खरं तर सुरुवातीलाच करायचं असतं. रक्तातलं डी३ जीवनसत्त्व बघून घ्या, कॅल्शियम दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम पोटात जायला हवं, त्यातलं जेवणातून जेवढं जाईल तेवढं बरं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, मी रोज सकाळी आंबील घेतो, अजूनही. हाडांसाठी झोलेड्रॉनिकचं सलाईन किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन देतात, पण त्याआधी दात दाखवून घ्या, नंतर दाढ काढायची वेळ आली तर जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही असं होऊ शकतं. माझी एक दाढ आधी काढली, मगच सलाईन.

तिसरं व्यायाम. नुसतं चालणं नाही. मी रोज जॉगिंग ट्रॅकला चार फेऱ्या मारायचो आणि समजायचो झालं. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या काका चालण्याने हृदय चालेल, दंड नाही परत येणार. रबराची पट्टी ओढायची, खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठायचं, भिंतीवर जोर. ब्रिटनच्या नाइस या सरकारी आरोग्य संस्थेच्या गाइडलाइनमध्येच आहे की या इंजेक्शनवाल्यांना आठवड्यातून निदान दोनदा, बारा आठवडे, वजनाचा आणि दमाचा दोन्ही व्यायाम कोणाच्या तरी देखरेखीखाली करून घ्या, थकव्यासाठी. थकवा आलाय म्हणून झोपून राहिलं की थकवा वाढतो हे डोक्याला पटत नाही पण खरं आहे.

जातं का विचारलंत. माझी दाढी आठवड्यातून एकदा करायची वेळ आली होती, वाढायचीच नाही. शेवटचं इंजेक्शन झाल्यावर नऊ-दहा महिन्यांनी एका सकाळी गालावर हात फिरवला तर खरखरीत. दोनदा फिरवून बघितला. वाफा त्याच्या आधीच विरळ झाल्या होत्या. सगळ्यांचं इतक्यात येत नाही, वय जास्त असेल तर वर्ष-दीड वर्ष लागतं, काहींचं पूर्ण येतही नाही, हे पण सांगून ठेवतो.


निरोगी_जीवन:

काका इंजेक्शन लगेच बंद करा, ही सगळी केमिकल आहेत, शरीर पोखरतात. शुद्ध शिलाजीत आणि अश्वगंधा दुधातून घ्या, २१ दिवसांत गेलेली ताकद परत येईल, मर्दानगी पण. माझ्याकडे खात्रीशीर मिळेल, मेसेज करा.


औषधवाली_पंचवटी:

वरच्या दादांना एकच प्रश्न. शिलाजीत आणि अश्वगंधाच्या डबीवर काय लिहून विकता तुम्ही? टेस्टोस्टेरॉन वाढवतं. आणि काकांचं टेस्टोस्टेरॉन कमी करायला त्यांना इंजेक्शन चालू आहे. म्हणजे एका हाताने चुलीतलं लाकूड बाहेर ओढायचं आणि दुसऱ्या हाताने रॉकेल ओतायचं. काका, यातलं काहीही घेऊ नका, घ्यायचंच असेल तर डबी नेऊन डॉक्टरांना दाखवा.

मी केमिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे डोस वगैरे सांगणार नाही, पण तुमच्या यादीत एक खटकलं. ती बायकाल्युटामाइड ५० तुम्ही अजून घेताय? पहिलं इंजेक्शन घेतलं की सुरुवातीला आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं आणि मग पडतं, त्या वाढीला आडवं लावायला ही गोळी बऱ्याच जणांना सुरुवातीचे काही आठवडेच देतात. काहींना मुद्दाम पुढे चालू ठेवतात, ते वेगळं. पण जुन्या चिठ्ठीवर महिन्यामागून महिना गोळ्या नेणारे कितीतरी लोक मी काउंटरवर बघते, काका कागद पुढे करतात आणि आम्ही देतो. तुमची कशासाठी चालू आहे ते विचाराच, कारण छाती दुखणं आणि फुगणं यात या गोळीचा मोठा वाटा असतो. छातीसाठी टॅमोक्सिफेन असतं, रेडिएशनची फेरी पण देतात, पण छातीची फुगलेली गाठ एकदा घट्ट झाली की ती हटत नाही, म्हणून लवकर बोला. एकाच बाजूला टणक गोळा लागला तर थांबू नका.

वाफांसाठी वेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन, मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन असं डॉक्टर देतात. बीपीची गोळी चालू आहे हे त्यांना आठवणीने सांगा, वेनलाफॅक्सिनने बीपी वाढू शकतं.

आणि काका, जे तुम्ही समजून घ्या म्हणालात त्याबद्दल. दुकानात मागून हळूच येऊन ती निळी गोळी मागणारे असतात. एक तर या इंजेक्शनवर इच्छाच गेलेली असते, ती गोळी इच्छा आणत नाही, फक्त रक्तपुरवठ्याचं काम करते. आणि कोणी हृदयासाठी सॉर्बिट्रेट घेत असेल तर त्यावर ही कधीच नाही, बीपी इतकं कोसळतं की जीव जाऊ शकतो. याचेही वेगळे डॉक्टर असतात, विचारायला लाजू नका, मी रोज ऐकते, कोणी हसत नाही.


अहोंची_बायको:

सातपूरकर भाऊ, तुमचं वाचलं आणि माझ्या घरचंच कोणी लिहिलंय का म्हणून दोनदा नाव बघितलं. आमच्या ह्यांना दीड वर्ष झालं इंजेक्शन सुरू होऊन, इंदिरानगरला राहतो.

मी तुम्हाला दुसऱ्या बाजूचं सांगते. ह्यांनी पण असंच खोली बदलली, कारण पंखा. मला काय वाटलं माहितीये? मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. मग वाटलं आजार वाढलाय आणि माझ्यापासून लपवतायत. मी चार महिने रात्री जागी राहून ह्यांच्या खोकल्याचा आवाज ऐकायचे. एकदा भांडण झालं, भाजीत मीठ कमी या एवढ्याशा गोष्टीवरून, आणि त्या भांडणात सगळं बाहेर आलं. म्हणाले मला आता तुझा नवरा म्हणवून घ्यायची लाज वाटते. अहो मी म्हटलं, माझी पाळी जात होती तेव्हा मी रात्री पंखा पाचवर करायचे आणि तुम्ही उठून दोनवर आणायचात, दोन वर्षं हा खेळ चालला, तेव्हा मला वाफा येतात हे तुम्हाला कुठे माहीत होतं, मी तरी कुठे सांगितलं. आता रेग्युलेटर माझ्या हातात आहे. हसले. पहिल्यांदाच हसले कितीतरी दिवसांनी. आता मी शाल घेते, ते बनियनवर, एकाच खोलीत.

एक सल्ला, ओपीडीत एकटे जाऊ नका. पुरुष माणूस आत गेला की "बरं आहे डॉक्टर" म्हणतो आणि बाहेर येतो. मी कागदावर लिहून नेते, वरती सगळ्यात जास्त त्रासाचं, खाली बाकीचं, आणि कागद टेबलावर ठेवते, डॉक्टरांना वाचावंच लागतं. शुगर, कोलेस्टेरॉल दर तीन-चार महिन्यांनी करायला सांगितलंय आम्हाला, ह्यांची शुगर कधीच नव्हती, आता बॉर्डरला आलीय. तुमची नाही म्हणता ती शेवटची कधी बघितली?

रडू येतं त्याबद्दल. कोथिंबिरीवरून आलं तर येऊ द्या. पण दिवसच्या दिवस कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, जगून काय करायचं असं मनात येत असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्याला पण औषध आहे. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. आम्ही एकदा लावला होता.


निफाडचा_बागाईतदार:

राम राम. माझी केस वेगळी हे, माझं हाडात गेलेलं होतं पहिल्या दिवशीच. डॉक्टरनी सांगितलं दर तीन महिन्याला इंजेक्शन नाहीतर एकदाच ऑपरेशन, बीजं म्हणजे वृषणं काढून टाकायची. त्या वर्षी अवकाळीने बाग गेलेली, हिशोब केला आन् ऑपरेशन करून टाकलं. अर्ध्या तासाचं काम. औषध आन् ऑपरेशन दोन्हीत त्रास सारखाच असतो, कारण शेवटी तेच टेस्टोस्टेरॉन जातं, फक्त तुमचं परत येऊ शकतं, माझं नाही.

निफाडची थंडी तुम्हाला माहीत हे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात येतो. त्या थंडीत द्राक्षाचे मणी तडकतील म्हणून आम्ही पहाटे बागेत शेकोट्या करतो. सगळे कानटोप्या घालून आगीला चिकटलेले आन् मी लांब बांधावर सदरा काढून उभा. गडी म्हणायचे आबांच्या अंगात आलं. आता कोणी विचारत नाही, मी तिकडं गेलो की म्हणत्यात आबांची भट्टी पेटली.

क्रेट उचलणं पोरानं बंद केलं माझं. मी दोन लिटरच्या बाटल्या पाण्यानं भरून उचलतो सकाळ-संध्याकाळ, प्रेसवाले म्हणतात ते खरं हे, सहा महिन्यात दंडाला फरक पडला. बाकी तुमची दोन वर्षं, त्यातले नऊ महिने तुम्ही काढलेत. मला कोणी सांगितलं असतं ना आबा अजून एक सव्वा वर्ष फक्त, मी पेढे वाटले असते. घ्या ते इंजेक्शन.


सातपूरकर६४:

सगळ्यांना एकत्रच लिहितो. दहा-बारा दिवस गेले, उशीर झाला, माफी.

तोंडाने सांगायला जमेना. शेवटी हा धागा उघडला, मोबाईल बायकोच्या हातात दिला आणि दूध आणायला गेलो. मुद्दाम लांबच्या डेअरीवर गेलो. परत आलो तर चष्मा काढून बसलेली. बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, कोथिंबिरीचं मला का नाही सांगितलं. बस, एवढंच. दिवाणावरची गादी त्या दिवशीच आत गेली.

१८ ला दोघं गेलो, ताईंनी सांगितलं तसा कागद लिहून. बायकोने कागद टेबलावर ठेवला आणि वर पेपरवेट ठेवला. तेच डॉक्टर, तीच गर्दी, पण पंधरा मिनिटं दिली. बायकाल्युटामाइड पहिल्या महिन्यातच थांबवायची होती, मी जुनी चिठ्ठी दाखवून नऊ महिने घेत होतो. औषधवाल्या ताई, तुमचे उपकार. छाती अजून दुखते पण ती कमी होईल म्हणाले, नाही झाली तर बघू. डेक्सा लिहून दिलं, केलं, हाडं थोडी विरळ आहेत पण औषधापर्यंत गेलेली नाहीत, डी३ मात्र ११ निघालं, त्याच्या साठ हजारच्या गोळ्या आठवड्याला एक. शुगर उपाशीपोटी १०८, म्हणजे लक्ष ठेवायचं. वाफांसाठी वेनलाफॅक्सिन कमी डोसची दिलीय, बीपी घरी रोज मोजायला सांगितलंय, मुलाने मशीन आणलं. आठवडा झाला, दिवसाला बारा होत्या त्या सात-आठवर आल्यात, गोळीने का कोमट चहाने सांगता येणार नाही.

चौथं इंजेक्शन घेतलं. दीड वर्षावर थांबायचं का पुढे जायचं हे सहाव्याच्या वेळी बोलू म्हणाले.

प्रेसवाले दादा, एक विचारायचं होतं, व्यायामाची पट्टी आणली, दुकानदाराने लाल दिली, ती फारच कडक वाटतेय, दहा वेळा ओढली की हात थरथरतो. आधी पिवळी घ्यायला हवी होती का?


नाशिकरोड_प्रेसवाला:

पिवळी. लाल ठेवून द्या, दोन महिन्यांनी लागेल. आणि दाराच्या कडीला बांधून ओढू नका, कडी निघून तोंडावर येते, माझी आलीय.